विद्युत मॉडेल विमान : मोटर आणि बॅटरी बदलताना

बेळगाव शहराच्या उत्तरेकडील कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक या गावांचा परिसर ज्या पठारावर वसला आहे, ते समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे. तेथील हवा गोव्याच्या किनाऱ्यावरील हवेपेक्षा साधारण सात टक्के विरळ असते. त्यामुळे कंग्राळीच्या शिवारात व्यवस्थित उडणारे विजेवरील मॉडेल विमान चोर्ला घाट उतरून गोव्यात आणले, की दाट हवा कापताना प्रोपेलरवरील भार वाढतो आणि मोटर अधिक विद्युतप्रवाह खेचते. मर्यादेच्या काठावर बेतलेली जोडणी अशा वेळी हवेतच दगा देते. मोटर व बॅटरी बदलू पाहणाऱ्याने प्रथम लक्षात घ्यावे ते हेच, की प्रत्यक्ष प्रवाह मुख्यतः प्रोपेलर आणि बॅटरीचा दाब मिळून ठरवतात. मोटरवर छापलेला आकडा ही फक्त तिच्या सहनशक्तीची सीमा असते.

रेडिओ नियंत्रित विद्युत मॉडेलचे पहिले नोंदले गेलेले उड्डाण ब्रिटनमध्ये 30 जून 1957 रोजी कर्नल टॅप्लिन यांनी केले. त्यानंतर कित्येक वर्षे ब्रश असलेली मोटर आणि जड निकेल बॅटरी यांवरच हा छंद चालला. ब्रशविरहित मोटर आणि लिथियम पॉलिमर, म्हणजेच लिपो बॅटरी आवाक्यात आल्यावर चित्र पालटले. आज अनेक घरांच्या माळ्यावर पडून असलेली जुनी विमाने याच बदलाची वाट पाहत असतात.

हिशेब वजनापासून सुरू करावा. शिकाऊ विमानाला उड्डाणसज्ज वजनाच्या दर किलोमागे 150 ते 200 वॅट शक्ती पुरेशी होते. विमान 900 ग्रॅमचे असेल तर सुमारे 180 वॅट लागतील. तीन सेलची लिपो बॅटरी 11.1 व्होल्टची असते. म्हणजे पूर्ण थ्रॉटलला 16 ते 17 अँपिअर. त्यासाठी 30 अँपिअरचा वेगनियंत्रक (ईएससी) घेतला तर पुरेशी मोकळीक राहते. बॅटरी 2200 मिलीअँपिअर-तासांची असेल आणि तिचा 80 टक्केच वापर केला, तर सरासरी आठ अँपिअर प्रवाहावर सुमारे 13 मिनिटांचे उड्डाण मिळते. बॅटरीवर छापलेला ‘सी’ आकडा मात्र विक्रेत्याच्या उत्साहाबरोबर वाढत जातो. त्यातील निम्म्यावरच भरवसा ठेवणे शहाणपणाचे.

खरी चूक घडते ती पुढे. विमान आणखी वेगाने पळावे म्हणून मोटर व प्रोपेलर तेच ठेवून तीनऐवजी चार सेलची बॅटरी जोडली जाते. दाब एक-तृतीयांशाने वाढला, तेव्हा प्रवाहही तेवढाच वाढेल असे वाटते. परंतु प्रोपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे 1.33 पट झाले तर शक्ती जवळजवळ 2.4 पट आणि प्रवाह पावणेदोन पट होतो. भाराखाली फेरे थोडे घटतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा जरा कमी भरतो. तरीही 17 अँपिअरचे 28-30 होतात आणि 30 अँपिअरच्या नियंत्रकाची सारी मोकळीक संपते. प्रोपेलरचा व्यास वाढवण्याचेही तसेच आहे. नऊ इंचांऐवजी त्याच पिचचा दहा इंचांचा प्रोपेलर लावला, तर त्याच फेऱ्यांना सुमारे दीडपट शक्ती लागते. सेल वाढवायचाच असेल तर कमी केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला कमी फेरे घेणारी मोटर निवडावी किंवा प्रोपेलर लहान करावा. शिवाय काही स्वस्त नियंत्रकांतील रिसीव्हर व सर्व्होंना वीज पुरवणारा भाग चार सेलवर फार तापतो. तो बंद पडला की रेडिओ संपर्क तुटतो आणि विमान कोणाच्याही हातात राहत नाही. खाली मुले उभी असतील तर पुढचा विचारही नको.

म्हणूनच वॅटमीटर हे या छंदातील सर्वांत स्वस्त विमासंरक्षण होय. विमान घट्ट धरून, प्रोपेलरच्या प्रतलापासून दूर राहून पूर्ण थ्रॉटलला काही सेकंद मोजणी करावी. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल कराव्यात. नवी बॅटरी वेगळ्या वजनाची असल्याने तोलबिंदूही सरकतो. बहुतेक शिकाऊ विमानांत तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या चतुर्थांश ते तृतीयांश अंतरावर असावा लागतो. शेपूट जड राहिली तर अधिक शक्तीची मोटरही विमान वाचवू शकत नाही.

लिपो बॅटरी बॅलन्स चार्जरवरच, 2200 मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी 2.2 अँपिअर प्रवाहाने आणि नजरेसमोर चार्ज करावी. पूर्ण भरलेला सेल 4.2 व्होल्टचा असतो; तो तीन व्होल्टच्या खाली कधीही उतरू देऊ नये. साठवणीसाठी सुमारे 3.8 व्होल्ट योग्य. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर कोणतीच ठेवू नये.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. ड्रोन नियम 2021 मध्ये शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, 25 किलोपर्यंतच्या विमानाची ‘मॉडेल’ म्हणून वेगळी व्याख्या आहे आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. हवाई क्षेत्राची बंधने मात्र त्यालाही लागू होतात. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ व हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तर गोव्यात दाबोळी आणि मोपा. उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते, हे तपासावे. हिरव्या क्षेत्रातही सर्वसाधारण उंचीची मर्यादा 400 फूट आहे.

पठारावर बसवलेले विमान किनाऱ्यावर आणल्यास पहिल्या उड्डाणाआधी वॅटमीटर पुन्हा जोडावा. प्रवाह मर्यादेजवळ दिसला तर त्याच व्यासाचा, एक इंच कमी पिचचा प्रोपेलर लावून पुन्हा मोजणी करावी.