वडिलोपार्जित तिकीट-आल्बम : घरचा इतिहास

खानदेशातील एखाद्या घरी पेटीतून टपाल-तिकिटांचा जुना आल्बम निघाला, तर तो रद्दी समजू नये. आशियातील पहिली चिकट तिकिटे १८५२ साली सिंधमध्ये निघाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. शेजारच्या निजाम राज्याच्या तिकिटांवर उर्दूबरोबर मराठीही असे. १९४८ साली गांधीजींच्या तिकिटांवर 'बापू' हा शब्द हिंदी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत छापला गेला.

१९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव व धुळे. म्हणून जुन्या पाकिटावरचे तिकीट कापू नये. पत्ता व शिक्क्याची तारीख गेली, की वाडवडिलांच्या संबंधांचा पुरावाच जातो.

आल्बम ओल व उन्हापासून दूर, कपाटात उभा ठेवावा. चिकटलेली तिकिटे ओढून काढू नयेत. सुटी तिकिटे चिमट्यानेच उचलावीत. गोंद शाबूत असलेले कोरे तिकीट पाण्यात घालू नये. आल्बम बदलला, तरी दादा-नानांच्या हातच्या नोंदींची जुनी पाने फेकू नयेत. त्या नोंदी वाचून दाखविणारी वडीलधारी माणसे घरात आहेत, तोवरच विद्यार्थ्यांनी सुटीत त्यांच्याजवळ बसून यादी करावी.