आडव्या दुव्यांची गोष्ट

नाशिकहून मुंबईकडे जाताना महामार्गालगत गोंदे लागते. तेथील ग्राफाइट इंडियाच्या कारखान्यात काचतंतू आणि राळ यांचे मोठाले नळ बनत आले आहेत. मुले त्यांना 'प्लास्टिकचे नळ' म्हणतात. पण बादलीचे प्लास्टिक तापवले की वितळते, हे वितळत नाही. असे का? उत्तरासाठी आपण थोडे मागे जाऊ.

१८४७ साली बर्झेलियसने टार्टारिक आम्ल व ग्लिसरीन यांपासून राळेसारखा पदार्थ मिळवला. ते पहिले पॉलिएस्टर. १९३० च्या सुमारास कॅरोदर्सने आम्ल आणि ग्लायकॉल यांच्या लांब साखळ्या कशा जुळतात ते दाखवले. त्याच दशकात कार्लटन एलिसला आढळले, की मॅलेइक अॅनहायड्राइडपासून केलेल्या पॉलिएस्टरमध्ये स्टायरीन मिसळले तर ते फार लवकर घट्ट होते. स्टायरीन आधी राळ पातळ करते. मग साखळ्यांमधील दुहेरी बंधांना जोडून आडवे दुवे बांधते. जाळे एकदा विणले गेले, की वितळणे संपले. दुसऱ्या महायुद्धात काचतंतूंच्या जोडीने या राळेची रडारची आवरणे झाली. १९५३ साली कॉर्व्हेट मोटारीचे बाहेरचे कवचच तिचे झाले.

वर्गात मुलांच्या रांगा करून पाहा. रांगेतली मुले हात धरून उभी राहिली की ती साखळी. शेजारच्या रांगांना मोजक्याच दोऱ्या बांधल्या तर रांगा वाकतात. प्रत्येक मूल बांधले तर कोणालाच हलता येत नाही. तसेच राळेचे. मॅलेइक जास्त तर दुवे दाट. पदार्थ कडक, उष्णता सोसणारा, पण ठिसूळ. अॅडिपिक आम्लाचे लांब, लवचीक तुकडे घातले तर तो वाकतो, पण ताठपणा घटतो.

१९५० च्या दशकात आयसोफ्थॅलिक आम्ल व्यापारी प्रमाणावर मिळू लागले. स्वस्त ऑर्थोफ्थॅलिक राळेपेक्षा त्याच्या साखळ्या अधिक लांब करता येतात. म्हणून ही राळ तडकण्याआधी जास्त ताणली जाते, पाण्यालाही अधिक टिकते. पाणी एस्टर बंध हळूहळू तोडते, हे आपण शाळेतच शिकवतो.

नवे असताना दोन्ही राळांचे नळ सारखेच दिसतात. पण नळ जमिनीत पुरला जातो, आणि राळ निवडण्यातली चूक वर यायला वर्षे लागतात. फळ्यावरचे एस्टरचे समीकरण गावाच्या सांडपाण्यापर्यंत पोचते ते असे.