नहरींचं शहर एका दिवसात: देवळ्याहून छत्रपती संभाजीनगर

कालव्यांचं शहर म्हटलं की व्हेनिस किंवा ॲमस्टरडॅम आठवतं. तिथले कालवे डोळ्यांसमोर असतात, त्यांतून होड्या चालतात. महाराष्ट्रातही कालव्यांच्या जोरावर वसलेलं एक शहर आहे, फक्त त्याचे कालवे जमिनीखाली आहेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, ‘बावन्न दरवाजांचं शहर’ म्हणून ओळखलं जातं. खरं तर आधी पाणी आलं, बरेचसे दरवाजे नंतर आले.

देवळ्याहून चांदवड, मनमाड, येवला, वैजापूर असा रस्ता आहे. रेल्वेने जायचं तर मनमाडला गाडी पकडावी. तिथून अंतर सुमारे ११० किलोमीटर. पहाटे निघालं तर दिवस पुरतो. मात्र वेरूळ आणि अजिंठा याच दिवसात कोंबू नयेत. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, आणि प्रत्येकाला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो.

मलिक अंबरची नहर

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे मुघलांना दख्खनेत वर्षानुवर्षं रोखून धरणारा सेनापती झाला. १६१० साली त्याने खडकी गावाजवळ राजधानी वसवली. जागा लढाईच्या दृष्टीने चांगली होती, पण खाम नदीचं पाणी एवढ्या वस्तीला पुरणारं नव्हतं. त्यावर त्याने काढलेला मार्ग म्हणजे ‘नहर-ए-अंबरी’.

ही नहर म्हणजे उघडा पाट नव्हे. शहराच्या उत्तरेच्या डोंगराळ भागात जमिनीखाली बोगदा खोदला, त्यात आजूबाजूचं झिरपणारं पाणी जमू दिलं आणि बेताच्या उतारावरून ते शहराकडे आणलं. ना मोट, ना पंप. ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारखी तोंडं ठेवली, म्हणजे हवा खेळते आणि आत उतरून गाळ काढता येतो. इराणमध्ये अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात. बऱ्हाणपूरची कुंडी भंडारा योजना याच जातीची. शहरात पाणी खापरी नळांतून हौदांपर्यंत जाई. वाटेत ‘बंबे’ नावाचे उंच मनोरे असत. नळातलं पाणी बंब्यात वर चढे, दुसऱ्या बाजूने खाली उतरे आणि वाढलेला दाब तिथे मोकळा होई. पुढे अशा आणखी नहरी निघाल्या. एकूण बारा होत्या, असं सांगितलं जातं.

कसमादे पट्ट्यातल्या माणसाला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. मोसम आणि गिरणेच्या खोऱ्यात फड पद्धतीत बंधारा, पाट आणि पाणी वाटणारा पाटकरी हे सगळं गावानेच सांभाळलं. फरक एवढाच की तिथलं पाणी शेताला जाई, इथलं घराला.

सकाळ ते दुपार

सुरुवात बीबी का मकबऱ्यापासून करावी. उन्हं चढली की तिथली फरशी तापते. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू १६५७ साली वारली, तिची ही कबर. ‘गरिबांचा ताजमहाल’ हे टोपणनाव जरा अन्यायाचं आहे. संगमरवर थोडा आणि चुन्याचा गिलावा जास्त, हे खरं. पण गिलाव्यावरचं नक्षीकाम जवळून पाहण्यासारखं आहे.

तिथून पाणचक्की जवळच आहे, आणि दिवसातला सर्वाधिक वेळ तिला द्यावा. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती १७४४ च्या सुमारास उभी राहिली. काही किलोमीटरवरून नहरीने आलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं आणि त्याच्या जोरावर दगडी जातं फिरतं. यात्रेकरू आणि फकिरांसाठी इथे धान्य दळलं जाई. मोठ्या हौदाखाली एक दालन आहे; हौदाचा तळ हेच त्याचं छत, त्यामुळे उन्हाळ्यातही आत गारवा असतो.

पण हौद भरलेला दिसेलच, याची खात्री नाही. नहरीच्या वाटेवर इमारती उभ्या राहिल्या, बोअरवेलनी भूजल खाली नेलं, काही ठिकाणी सांडपाणी शिरलं. शहर आता पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी उचलतं, आणि तरीही कित्येक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही. पावसाळ्यानंतर गेल्यास पाणचक्की वाहती दिसण्याची शक्यता जास्त.

परतताना भडकल दरवाजा पाहावा. हा मात्र मलिक अंबरच्याच काळातला, १६१२ चा.

संध्याकाळचं गाणं

संगीतासाठी तारीख बघूनच निघावं लागतं. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी वेरूळला कैलास लेण्यासमोर होत असे, नंतर तो शहरातल्या सोनेरी महालात आला. शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्य उघड्या आकाशाखाली, मागे डोंगर. मात्र त्यात खंड पडतो: २०१६ नंतर तो थेट २०२३ च्या फेब्रुवारीत भरला.

महोत्सव नसेल तर खुलताबादच्या उरुसाचा काळ गाठावा. चौदाव्या शतकातले तिथले चिश्ती संत बुऱ्हाणुद्दीन गरीब समा, म्हणजे भक्तिसंगीताच्या बैठकीचे मोठे चाहते होते. कव्वालीची ही परंपरा शहराच्या कवितेशीही जोडलेली आहे. वली आणि सिराज हे दोन मोठे शायर इथलेच. अठराव्या शतकातल्या सिराज यांची गझल आबिदा परवीन यांच्यासारख्या गायिकेने गायली आणि ती सीमेपलीकडेही तितकीच ऐकली जाते.

एरवी संत एकनाथ रंगमंदिर किंवा तापडिया नाट्यमंदिरात काय आहे, ते निघण्याआधी विचारून घ्यावं. कार्यक्रम उशिरा संपतात. मनमाडला परतीची गाडी धरायची असेल तर मध्यंतरातच उठावं लागेल.