कोठाराची विद्या

शिवछत्रपतींनीं १६७४ च्या सुमारास चिपळुणाजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्कराला एक पत्र धाडलें. त्यांत लढाईचे डावपेंच नाहींत. दाणा आणि वैरण बेतानें वापरण्याची ताकीद आहे. रात्रीं दिवा जळत ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि ऐन पावसाळ्यांत घोडीं उपाशी मरतील, असा इशारा त्यांत दिला आहे. सैन्याचें बळ कोठारांत असतें, हें त्या राजानें पुरतें ओळखलें होतें.

या गोष्टीचा विसर पडल्यास काय घडतें, तें पहिल्या महायुद्धांतील मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत दिसून आलें. हिंदुस्थानांतून गेलेल्या फौजेजवळ नदींतून सामान नेण्यास पुरेशा नौका नव्हत्या. बसऱ्याच्या बंदरांत जहाजें माल उतरण्याची वाट पाहत तिष्ठत राहिलीं. आणि नदीच्या वरच्या अंगास कुत-अल-अमारा येथें वेढ्यांत सांपडलेले शिपाई अर्धपोटीं दिवस मोजूं लागले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें शत्रूच्या स्वाधीन झालीं. त्यांत बहुसंख्य हिंदी होते, आणि त्यांपैकीं कित्येक घरीं परतलेच नाहींत. १९१७ सालच्या चौकशी-अहवालांत मुख्य ठपका आला तो तयारीच्या व पुरवठ्याच्या अव्यवस्थेवर. शिपायांच्या शौर्यावर नव्हे.

महायुद्ध संपल्यावर, १९२२ सालीं, शस्त्रें, दारूगोळा, कपडालत्ता व सुटे भाग पुरविणारा इंडियन आर्मी ऑर्डनन्स कोअर उभा राहिला. ऑक्टोबर १९२५ मध्यें त्याची शिक्षणशाळा पुण्याशेजारीं खडकी येथें निघाली. दारूगोळ्याचा कारखाना तेथें १८६९ पासून होताच.

कोठाराची विद्या दिसावयास साधी आहे. आधीं आलेला माल आधीं द्यावा. स्फोटक द्रव्य आणि तें पेटविणारी टोपी एका ठिकाणीं ठेवूं नये. वहींतील आंकडा आणि फळीवरील नग यांत एकाचाहि फरक पडूं देऊं नये. परंतु येथें चूक करतो तो कारकून, आणि तिची किंमत मोजतो तो शेंकडों मैलांवरचा शिपाई. म्हणूनच ती शाळेंत बसून शिकावी लागते.

दुसरें महायुद्ध पेटल्यावर, फेब्रुवारी १९४० मध्यें, ही शाळा जबलपुरास हलली. १९५० सालीं तिला आर्मी ऑर्डनन्स कोअर स्कूल हें नांव मिळालें, आणि १९८७ मध्यें ती कॉलेज ऑफ मटीरियल्स मॅनेजमेंट झाली. नांवें पालटलीं, पण निजण्यापूर्वीं दिवा विझवावा, हा चिपळूणच्या छावणीचा धडा कांहीं पालटला नाहीं.