बोटांपासून कमरेपर्यंत : चांदा-गडचिरोलीतल्या फिजिओथेरपीची कुळकथा

भारतात फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण सुरू झालं ते पोलिओच्या साथीनंतर. १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली शाळा निघाली. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, या विद्येचं कूळ निराळं. इथे ती कुष्ठरोगाचं बोट धरून आली.

१९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं. डॅप्सोनच्या गोळ्यांनी रोग आटोक्यात येई, पण मेलेली नस जिवंत होत नसे. कोपरामागची नस गेली की करंगळी आणि अनामिका आत वळतात. विळा-खुरपं धरवत नाही. याच काळात वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी शाबूत स्नायूची कंडरा दुसरीकडे जोडून अशी बोटं सरळ करायला सुरुवात केली. पण टाके निघाले म्हणून बोट चालू होत नाही. कालपर्यंत एक काम करणाऱ्या स्नायूला दुसरंच काम शिकवावं लागतं, आणि ती शिकवणी फिजिओथेरपिस्टची.

शस्त्रक्रिया न झालेल्यांसाठी रोजचा नेम होता, तो आजही आहे. बधिर हात पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचा, कडक झालेली कातडी घासायची, ओलसर हातावरच तेल चोळायचं. मग हात मांडीवर उताणा ठेवून दुसऱ्या तळव्याने बोटं मुळापासून टोकापर्यंत हलकेच सरळ करत न्यायची. चटका किंवा काटा कळत नाही, म्हणून रोज हातपाय डोळ्यांनी तपासायचे. ही उपचारपद्धती दवाखान्यातून घरी गेली, कारण ती रोग्याच्याच हाती दिलेली होती.

१९८० च्या दशकात कुष्ठरोगावर बहुऔषधोपचार आले, व्यंगं कमी होत गेली. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या दोन रोगांनी हा व्यवसाय उभा केला, तेच ओसरले. कुष्ठरोग या जिल्ह्यांतून अजून गेलेला नाही. पण फिजिओथेरपीच्या रांगेत आता लकव्याचे रोगी आणि कंबर धरून चालणाऱ्या बायाही आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर सातांपैकी सुमारे एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला. जे वाचतात त्यांचा लुळा हात घरच्यांनाच हलवावा लागतो.

कंबरदुखीचा उपायही रोग्याच्याच हाती द्यावा लागतो. ‘वाकू नका’ हा सल्ला शहरात चालतो. रोवणी मात्र चिखलात वाकूनच होते, मोहफुलं खाली वाकूनच वेचावी लागतात. इथल्या बाईला सांगायला हवं ते वेगळं : मधूनमधून ताठ उभं राहून पाठ मागे ताणावी, ओझं अंगालगत धरून गुडघ्यांत वाकून उचलावं, हंगामाआधीच पोट-पाठीचे स्नायू बळकट करावेत.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला देशपातळीवर मान्यतेची चौकट दिली. भामरागडच्या रोग्याला मात्र जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब आहे, आणि लकव्यानंतरचे पहिले महिने वाया गेले की भरून येत नाहीत. म्हणून ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचं पद हवं, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेली आशाताई गावात हवी. कुष्ठरोग्याला स्वतःची बोटं सांभाळायला शिकवणाऱ्या या व्यवसायाला ते काम नवं नाही.