विमा रानाचा, हिशेब मंडळाचा

जुलै लागला की आमच्याकडं पारावर एकच प्रश्न: यंदा इमा भरायचा का? जो भरत नाही त्याला लोक अडाणी म्हणतात. वीस वर्षं शेतीच्या बातम्या करतोय, मला तो अडाणी वाटत नाही. त्याच्या नकाराला इतिहास आहे.

1972 साली गुजरातमध्ये एच-4 या संकरित कापसासाठी देशातला पहिला पीकविमा आला. पुढं तो महाराष्ट्रासह काही राज्यांत गेला. प्रत्येक शेताचं नुकसान वेगळं मोजायची पद्धत होती. 1978 पर्यंत शेतकरी आले 3,110. हप्ता जमला साडेचार लाखांच्या आसपास आणि भरपाई गेली 37 लाखांवर. योजना बसली.

मग पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर पुढं आले. लाखो शेतं एकेक करून तपासणार कोण? शिवाय भरपाई स्वतःच्याच पिकावर ठरली तर निगा राखायची ओढ राहील का? म्हणून अख्ख्या भागाचं सरासरी उत्पादन मोजा, ते घटलं तर सगळ्यांना भरपाई द्या. 1979 पासून हा प्रयोग सुरू झाला आणि आजही योजनेचा कणा तोच आहे.

कागदावर बिनतोड. रानात काय होतं ते बघा. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात, त्याच्या 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा तो हेक्टरी 7 क्विंटल आला. कापणी प्रयोगात मंडळाची सरासरी 7.2 भरली, तर भरपाई शून्य. तुमच्या रानात दाणा नसला तरी शून्यच. 6 भरली तर विमा रकमेचा सातवा हिस्सा, म्हणजे 56 हजारांवर 8 हजार.

जुन्या योजनेच्या काळात, मी नवा बातमीदार असताना, ओढ्याकाठच्या एका शेतकऱ्याचं सोयाबीन खरडून गेलेलं पाहिलं. मंडळाची सरासरी मात्र चांगली भरली. तो म्हणाला, "भाऊ, इमा रानाचा काढला अन् हिशेब मंडळाचा केला." दांडेकरांच्या सिद्धांतातली खोच त्यानं एका वाक्यात सांगितली.

तरी आकडे फुगलेले दिसायचे, कारण सक्ती. 1985 च्या योजनेपासून पीककर्ज घेतलं की हप्ता परस्पर कापला जायचा. विमा काढलाय हे कित्येकांना पासबुक बघून कळायचं! ही सक्ती 2020 च्या खरिपात उठली. 2023 ला राज्यानं एक रुपयात विमा दिला आणि 96 लाखांवरून अर्ज 1 कोटी 70 लाखांवर गेले. हा विश्वास नव्हता. रुपयात लॉटरी कोण सोडतो? सरकारी जमिनी, देवस्थानांच्या जागा यांवरही बोगस अर्ज निघाले.

2016 च्या योजनेत एक दार उघडलं होतं. गारपीट झाली, शेतात पाणी साचलं, तर 72 तासांत कळवायचं आणि तुमच्याच शेताची पाहणी व्हायची. त्यातही तक्रारी होत्या, पण हिशेब रानाचा होता. मे 2025 मध्ये राज्यानं रुपयाची योजना बंद केली, तेव्हा ते दारही लावून घेतलं. त्या खरिपाला खरिपाच्या पिकांसाठी पुन्हा 2 टक्के हप्ता आणि भरपाई फक्त मंडळाच्या उत्पादनावर. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी शेतं मातीसकट नेली.

म्हणून मला वाटतं, प्रश्न हप्ता दोन टक्के की एक रुपया हा नाहीच. आपलं नुकसान मोजलं जाईल का, हा आहे. सरासरीच ठेवायची तर ती मंडळाऐवजी गावाची ठेवा. कापणी प्रयोग कुणाच्या रानात, कोणत्या दिवशी, हे आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. निघालेलं वजनही तिथंच लिहा.

आणि मित्रहो, प्रयोगाच्या दिवशी आपणही रानात जाऊन उभं राहू. तिथं काट्यावर जे वजन भरतं, त्यावर अख्ख्या मंडळाचं वर्ष ठरतं.