भीमेच्या दोन्ही काठांवरचे सवाल-जवाब

कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुका भीमेच्या उत्तरेला पसरलेला आहे. नदीपलीकडे विजयपूर जिल्ह्यातील इंडी-सिंदगीचा मुलूख लागतो, तर वायव्येला सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट येते. १९४८ पर्यंत अफजलपुरावर निजामाचा अंमल होता, नदीचा दक्षिण काठ मुंबई इलाख्यात मोडत होता आणि अक्कलकोट हे भोसले घराण्याचे संस्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा कलबुर्गी आणि विजयपूर तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, तर सोलापूर-अक्कलकोट मराठीभाषक भागाबरोबर राहिले. अशा तीन राजवटींच्या सांध्यावर गाणाऱ्या मेळ्यांना एखाद्या दरबाराच्या आश्रयापेक्षा जत्रेचा आश्रय अधिक मोलाचा होता, कारण जत्रेला येणारा माणूस सरहद्द मानत नव्हता. या मेळ्यांच्या मागे नाटक कंपनी नव्हती, संगीतसभा नव्हती, छापील जाहिरातही नव्हती. तरीही अमक्या गावचा फड ऐकावा असा, हे चार तालुक्यांत ठाऊक असे. ही ओळख कशी घडत होती, याचे उत्तर फडाच्या प्रतिस्पर्ध्यापाशी सापडते.

मराठी शाहिरीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष प्रसिद्ध आहेत. ‘फड’ म्हणजे मुख्य शाहीर, त्याचे साथीदार आणि वाद्ये मिळून झालेला संच. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतात, तर कलगीवाले शक्तीला. या पक्षभेदाचा उगम तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांच्या वादात झाला, चंदेरीच्या राजाने दोघांवर खूश होऊन एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी कथा माळवा-राजस्थानपर्यंत सांगितली जाते. तिची ऐतिहासिकता सिद्ध करण्याजोगी नसली, तरी एक हिंदू आणि एक मुसलमान अशी जोडी या परंपरेने स्वतःच्या उगमाशी ठेवावी, हे तिच्या वृत्तीचे निदर्शक आहे.

भीमेच्या कानडी मुलखात हाच वाद हरदेशी आणि नागेशी या नावांनी चालतो. हरदेशी पक्ष पुरुषाची, शिवाची बाजू घेतो आणि नागेशी पक्ष स्त्रीची, शक्तीची. हे गायन ज्या प्रकारात होते त्याला ‘गीगी पद’ म्हणतात: मुख्य गायक हातात डफ घेऊन कडवे म्हणतो, मागे उभे असलेले साथीदार तुणतुणे आणि झांज वाजवीत ‘गीगी’चे पालुपद लांबवतात. मराठी शाहिराच्या मागे झीलकरी, म्हणजे ध्रुपद उचलून धरणारे साथीदार, ‘जी जी’ म्हणत जी झील ओढतात तिच्याशी या रचनेचे साम्य इतके जवळचे आहे की, सोलापूरचा श्रोता कानडी शब्द न कळताही कोठे सवाल संपला आणि कोठे जवाब सुरू झाला हे ओळखू शकतो. साम्याचे कारण एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले एवढेच मानणे अपुरे ठरेल; दोन्ही भाषांतील फड एकाच जत्रांच्या वर्तुळात फिरत होते, ही त्यामागची खरी परिस्थिती दिसते.

सामन्याची रीत अशी की, एका फडाने पुराणातील किंवा देहतत्त्वातील कोडे पद्यातून घालावे आणि दुसऱ्याने त्याच चालीत, त्याच बैठकीत ते उलगडून उलट कोडे घालावे. अशा कूट रचनांना मराठीत ‘भेदिक’ म्हणतात. केवळ गोड गळ्यावर येथे निभाव लागत नाही. पाठांतर, पुराणांची माहिती, यमक जुळवण्याचा वेग आणि समोरच्याचा डाव ओळखण्याची हुशारी एकाच माणसात असावी लागते. उत्तर न सुचल्यास मानहानी सर्वांदेखत होई, आणि म्हणूनच मिळालेली कीर्तीही सर्वांच्या साक्षीची असे. पुढच्या गावचा पंच जेव्हा सुपारी देत असे, म्हणजे कार्यक्रम ठरवून विसार देत असे, तेव्हा तो याच साक्षीवर विसंबत असे. नव्या, अप्रसिद्ध फडाला पुढे येण्याचा मार्गही हाच होता: नावाजलेल्या फडासमोर उभे राहायचे आणि पहाटेपर्यंत टिकायचे. संगीताच्या इतिहासलेखनात घराणे आणि गुरुपरंपरा यांना जे स्थान मिळाले, ते या उघड परीक्षेला मिळाले नाही, ही मोठीच उणीव होय.

या वातावरणाचा सर्वांत तेजस्वी मराठी पुरावा म्हणजे सोलापूरचे राम जोशी. १८१२ मध्ये निवर्तलेल्या या कवीने ब्राह्मण घरातील विद्वत्तेची वाट सोडून तमाशाचा फड जवळ केला आणि पुढे कीर्तनाकडेही तो वळला. संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदी या भाषा एकाच लावणीत गुंफण्याचे त्याचे कसब अनेकदा पांडित्याचा चमत्कार म्हणून वाखाणले जाते. परंतु ज्या शहराच्या बाजारात कानडी आणि मराठी रोज एकत्र बोलल्या जात होत्या, तेथील श्रोत्यांसाठी ती रचना होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा अर्थ अधिक नीट लागतो. त्याच काळच्या शाहिरांपैकी होनाजी गवळी होते, परशराम शिंपी होते आणि सगनभाऊ शिकलगार मुसलमान होते. फडाच्या परीक्षेला जात अडसर ठरत नव्हती, निदान उत्तर देण्याच्या क्षणापुरती तरी.

अफजलपूर तालुक्याची ख्याती मराठी वाचकाला मुख्यतः भीमा-अमरजा संगमावरील गाणगापुरामुळे आहे, आणि नृसिंह सरस्वतींच्या त्या स्थानी मराठी पदे व आरत्या कानडी भूमीत नित्य गायिल्या जातात. मात्र याच तालुक्यातील बिदनूर येथे जन्मलेल्या कडकोळ मडिवाळप्पांची ओळख मराठीत फारशी नाही. त्यांची ‘तत्त्वपदे’, म्हणजे एकतारीवर गायची अध्यात्मपर पदे, कलबुर्गी भागातील भजनमेळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. चेन्नूरचे जलालसाहेब हे त्यांच्या शिष्यपरंपरेतील नाव. मोहरमच्या दिवसांत करबलाच्या शोककथेची ‘रिवायत’ पदे गाणारे गावमेळेही याच परिसरात आहेत. सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीत महालिंगराया आणि बिरोबा यांच्या पालख्यांची भेट होते, तेव्हा कर्नाटकातून आणि महाराष्ट्रातून आलेल्या धनगर समाजाचे ढोल एकाच माळावर घुमतात.

या मौखिक जगाकडे छापील जगाचे लक्ष उशिरा गेले. १८९१ मध्ये हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा गोंधळ्यांच्या मुखातील रचना प्रथमच मोठ्या प्रमाणावर ग्रंथात आल्या. भीमेच्या दक्षिणेस, हलसंगी या लहान गावात मधुरचेन्न, सिंपी लिंगण्ण आणि त्यांच्या मित्रमंडळाने जे केले ते याहून वेगळे होते, कारण ते त्याच मातीतले होते आणि शेजाऱ्यांचीच गाणी टिपून घेत होते. त्यांचा ‘गरतिय हाडु’ हा स्त्रीगीतांचा संग्रह १९३१ मध्ये निघाला. दोनच वर्षांनी अमेरिकेत लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन लुइझियानाच्या तुरुंगात गेले आणि लेडबेली हा गायक जगापुढे आला. हलसंगीच्या मित्रांचे काम त्या प्रसिद्ध शोधाच्या तोडीचे आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

तरीही ग्रंथाने शब्द वाचवले आणि सामना गमावला. जवाब स्वतंत्र छापला की तो ज्या सवालातून उठला तो दूर जातो. ध्वनिमुद्रिकेची अडचण आणखी वेगळी होती: मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटे चाले, आणि रात्रभर चढत जाणारा वाद त्यात मावणे शक्यच नव्हते. १९५० मध्ये धारवाडला आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर लोकगायकांना नवे दालन मिळाले, पण तेथेही वेळ ठरलेली, निवड अधिकाऱ्यांच्या हाती आणि समोर श्रोता नाही. १९८० च्या दशकात स्वस्त झालेल्या कॅसेटने मात्र खेड्यातील मेळ्याला कमी खर्चात, दीर्घ वेळेचे मुद्रण शक्य करून दिले.

मोबाइलच्या चित्रफितींनी या वाटचालीला अनपेक्षित वळण दिले आहे. विजयपूर-कलबुर्गी भागातील हरदेशी-नागेशी सामने आता तासन्‌तास लांबीचे, मध्ये न कापता, यूट्यूबवर चढवले जातात, आणि त्यांत नागेशी बाजू मांडणाऱ्या स्त्रिया पुरुष गायकांना तोंडावर उत्तर देताना दिसतात. संग्राहकांच्या वह्यांतून निसटलेला प्रतिस्पर्धी त्यामुळे चौकटीत परत आला आहे. अभ्यासकांनी या मुद्रणांची गाव, फड, पक्ष आणि जत्रा यांनुसार नोंद करण्याचे काम मराठी आणि कानडी दोन्ही बाजूंनी, एकमेकांच्या मदतीने, गायक हयात आहेत तोवरच हाती घेतले पाहिजे.